‘आमचे वडील’ आणि पुढे कोरी जागा

प्रिय भाऊजी यांस,

वहिनीचे आशीर्वाद. ते घेताना स्क्रीनवरून मान जरा वर करा, म्हणजे मानेलाही तेवढाच आराम. जाऊबाईंचा गुडघा काय म्हणतो? आमच्या पुतणीला सांगा, तिचा कोट शिवून तयार आहे, पण बाह्या तिनं फोनवर सांगितलेल्या मापाच्या आहेत, त्यामुळे त्या नक्की कुणाला बसतील हे मी सांगू शकत नाही. इकडे सगळे खुशाल आहेत. बाबाही खुशाल आहेत. हे ‘बाबाही’ मुद्दाम गिरवून ठळक केलं आहे, कारण गेला आठवडाभर मला गावातल्या बऱ्याच मंडळींना तेवढीच एक गोष्ट पटवून द्यावी लागली. ती का, ते पुढे येईलच. घाबरून शेवटच्या पानावर उडी मारू नका. तुम्हाला पुस्तकं तशीच वाचायची सवय आहे, मला माहीत आहे.

एवढं सगळं फोनवर का नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण मला कागद बरा वाटतो. मघाशी मी दोन ओळी लिहून दूध बघायला उठले, येताना दारात शेजारीण भेटली, तिच्या सुनेचं सगळं ऐकून घेतलं, परत येऊन बसले, तर कागद होता तिथंच होता. पेन होतं तिथंच होतं. ‘बराच वेळ आपली हालचाल न दिसल्याने आपणास बाहेर काढण्यात येत आहे’ असं काही कागद मला म्हणाला नाही. हे वाक्य कुणाचं, ते ओळखलंत ना? वाचनालयाची वेबसाइट तुम्ही करून दिलीत, फुकट करून दिलीत, त्याबद्दल गाव तुमचं नाव काढतं. मी पण काढते, पण माझ्या काढण्याचा सूर सध्या थोडा वेगळा आहे.

झालं असं की, वाचनालयाच्या चिटणीस बाईंनी ठरवलं, ‘आठवणीतली माणसं’ म्हणून जो विभाग आहे त्यात बाबांवर एक पान हवं. आता त्या विभागात जेवढी माणसं आहेत ती सगळी खरोखरीच आठवणीतली आहेत, म्हणजे त्यातलं कुणी आता दार उघडायला येत नाही. चिटणीस बाईंचं म्हणणं असं, की ही पद्धत मोडावी, इतकी वर्षं ग्रंथपाल असलेला माणूस समोर असताना त्याच्यावर लिहावं, आणि ते त्याच्या मुलानं लिहावं. बाबांना विचारलं. ते बराच वेळ खिडकीकडे बघत बसले. (नजर अधू झाल्यापासून त्यांना समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, म्हणून आपल्याला बघायचं असलं की ते खिडकीकडे बघतात. नव्या माणसाला वाटतं, रागावलेत.) मग म्हणाले, “गेल्यावर लिहिलेलं मला ऐकू येणार नाही. आधी मला वाचून दाखव, मग चढव.” एवढंच. पण त्या दिवसापासून रोज सकाळी चहा झाला की हे लिहायला बसतात त्या टेबलाच्या दिशेनं ते खुर्ची वळवून बसायला लागले. मागणं काही नाही, विचारणं काही नाही, नुसती खुर्ची वळलेली. मला शिवणाच्या यंत्रावरून ती खुर्ची दिसायची आणि माझा टाका वाकडा पडायचा.

आणि लिहिणार कोण, तर तुमचे दादा. तुम्हाला तुमचे दादा ठाऊक आहेत, पण तुम्ही त्यांच्याबरोबर संसार केलेला नाही. सगळी नोकरी त्यांची वजनमापं तपासण्यात गेली. दुकानात जायचं, तराजूत वजन टाकायचं, आणि काटा थरथरायचा पूर्ण थांबल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही. दुकानदार जांभया द्यायचे, गिऱ्हाइकं निघून जायची, हे काट्याकडे बघत उभे. निवृत्त झाले तरी काटा काही डोक्यातून निघाला नाही. मी भाजी कशी झाली विचारलं, तर उत्तर ताट घासून झाल्यावर येतं. (येतं मात्र खरं. खोटं कौतुक या माणसानं एकदाही केलेलं नाही, आणि त्याचंही मला कौतुकच आहे, असं समजा.) तेव्हा वाक्य लिहायचं म्हणजे ते आधी डोक्यात पूर्ण जुळायला हवं, स्थिर व्हायला हवं, मग हात उचलायचा. माझ्या कापड बेतायच्या टेबलावर एका बाजूला कात्री, खडू, टेप आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही पाठवलेला तो संगणक, त्यापुढे हे. लॉगिन केलं, पान उघडलं, ‘आमचे वडील’ एवढं लिहिलं, आणि हात मांडीवर ठेवून पुढच्या शब्दासाठी बसले.

तेवढ्यात यंत्रानं त्यांना बाहेर काढलं.

भाऊजी, राग आला असता तर बरं होतं. ते शांतपणे माझ्याकडे वळून म्हणाले, “मी इथंच होतो.” साक्ष काढल्यासारखं. मी सांगितलं, होतात हो, मी बघत होते. पण त्यांना ते फार लागलं. जन्मभर ज्या माणसानं न सांगता कुणाच्या दुकानातून पाय काढला नाही, त्याला एका वेबसाइटनं ‘हालचाल नाही’ म्हणून दाराबाहेर उभं केलं. पुन्हा पासवर्ड (तो तुम्ही इतका अवघड का ठेवलात? तिथं काय सोनं ठेवलंय?), पुन्हा पान, पुन्हा ‘आमचे वडील’, पुन्हा मांडीवर हात, पुन्हा बाहेर. दरवेळी हरवायचे ते दोनच शब्द, ते परत लिहिता येतात. पण डोक्यात जुळत आलेलं वाक्य असायचं, ते त्या पाटीबरोबर पार विस्कटून जायचं. मी म्हटलं, कागदावर लिहा आणि मग उतरवून काढा. तेही केलं. कागद घेतला, समास पाडला, आणि समासाकडे बघत बसले. कागदानं त्यांना हाकललं नाही एवढंच, बाकी पुढं तोही सरकला नाही. तेव्हा दोष सगळा तुमच्या वेबसाइटचा नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते.

मग उपाय सुरू झाले. वाचनालयातला कारकून म्हणाला, माउस हलवत राहा. ते काम माझ्याकडे आलं. हे विचार करायचे आणि मी शेजारी बसून पाळणा हलवल्यासारखा माउस हलवायची. तरी बाहेर. मग कुणी सांगितलं, काहीतरी टाइप करत राहा. मी शिवणाचं अंगुस्तान घातलेल्या बोटानं मधून मधून एक अक्षर दाबायची आणि पुसायची. तरी बाहेर. शेवटी चिटणीस बाईंनीच उलगडा केला, की तुम्ही त्या चौकटीत कितीही लिहा, पुसा, नाचा, त्या बिचाऱ्या वेबसाइटला ते कळतच नाही. तुम्ही काहीतरी तिच्याकडे पाठवलं, तरच तिला समजतं की माणूस आहे. तेव्हा ‘मसुदा ठेवा’ नावाचं बटण आहे, ते अधूनमधून दाबा, म्हणजे मुदत नव्यानं सुरू होते आणि लिहिलेलंही टिकतं. म्हणजे समोर बसून माणूस आतल्या आत कितीही कष्ट करत असला तरी त्याचा उपयोग नाही, अधूनमधून ‘आहे बरं का मी’ असं बटण दाबून कळवायला हवं. मला वाटलं, हे बटण लग्नात यांच्या हाती द्यायला हवं होतं.

तर बटण दाबायची जबाबदारी माझी. हे विचार करणार, बाबा खुर्ची वळवून वाट बघणार, मी एका हातानं शिवणार आणि दुसऱ्या हातानं घराला लॉगिन ठेवणार. बरं चाललं होतं. पण भाऊजी, त्या ‘मसुदा ठेवा’च्या अगदी खेटून, त्याच रंगाचं, त्याच आकाराचं ‘प्रकाशित करा’ तुम्ही का ठेवलंत? माझ्याकडे कात्री आणि टेपसुद्धा इतक्या जवळ नसतात. त्यात एक गिऱ्हाईक फिटिंगला आलेलं, तोंडात टाचण्या, इस्त्री तापलेली. मी तिच्या खांद्याकडे बघत बघत हात लांब केला आणि बटण दाबलं. यंत्र ‘झालं’ म्हणालं. मी पण म्हटलं, झालं. यांना बाहेर काढलं नाही म्हणून आम्ही सगळे खूश. दिवस मावळला तरी पुढचा शब्द आला नव्हता, तेव्हा हे बंद करून फिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. आम्ही दोघं मागच्या खोलीत होतो, दार बाबांनी उघडलं. दारात वाचनालयाचे जुने बाइंडर, मान खाली, टोपी हातात. बाबांना समोरचं दिसत नाही, आणि बाइंडर जमिनीकडे बघून बोलत होते. त्यामुळे बाइंडरनी फार मोठा आधार गेल्याचं बाबांनाच सांगितलं आणि बाबांनी ‘अरेरे, कुणाचा?’ असं मनापासून विचारलं. मग बाइंडरनी मान वर केली. तो आवाज ऐकून मी धावले. सावकाश सगळं बाहेर आलं. वेबसाइटवर ‘आठवणीतली माणसं’ या विभागात बाबांचा फोटो, त्याखाली ‘आमचे वडील’ हे दोन शब्द, आणि पुढे सगळं कोरं. लोकांनी काय समजायचं? मुलगा लिहायला बसला, दोन शब्द लिहिले, आणि दुःखानं पुढं लिहवलंच नाही. अख्ख्या विभागात इतकं भावपूर्ण पान दुसरं नाही, असं एकजण नंतर मला म्हणाले. यांच्या लेखणीचं झालेलं हे पहिलंच कौतुक.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बाइंडर तर परत जायला वळले होते. बाबांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, “आलात तर बसा. काय बोलणार होतात, ते बोला.” बाइंडर म्हणाले, अहो पण आता कसं बोलू. बाबा म्हणाले, मी खिडकीकडे बघतो, तुम्ही मी नाही असं धरून चाला. आणि बसले खिडकीकडे तोंड करून. त्यांना बाइंडर त्या वेळी नीट दिसत होते, हे मी बाइंडरना सांगितलं नाही.

त्या दिवशी बरेच लोक आले. दचकले, हसले, एक बाई रडल्या (त्या आधीपासून रडत आल्या होत्या, थांबायला वेळ लागला), आणि बाबांनी प्रत्येकाला तेच सांगितलं, काय बोलणार होतात ते बोला. भाऊजी, तुम्हाला आठवतं ना, बाबांचा चष्मा रोज हरवायचा? नेमका वाचनालय बंद करायच्या वेळी? सासूबाई किती चिडायच्या, त्यांनी चष्म्याला दोरी बांधून दिली तर बाबांनी दोरीसकट हरवला. तुम्ही दोघं त्यांना विसरभोळे म्हणून चिडवायचात. तर तो चष्मा कधीच हरवला नव्हता. कोटाच्या आतल्या खिशात असायचा. हे बाइंडरनी सांगितलं, कारण रोज टेबलाखाली शिरून तो शोधण्याचं नाटक त्यांनाही करावं लागायचं. वाचनालयाची वेळ संपली की बंद करायलाच हवं, तसा नियम. पण चष्म्याशिवाय ग्रंथपालाला कुलूप कसं लावता येणार? तेवढा वेळ वर टेबलावर परीक्षेची मुलं वाचत बसायची. त्यातली एक आता इथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे, तीही आली होती. तिच्या घरी दिवा लावून वाचायची सोय नव्हती. तिनं सांगितलं, की आम्हाला कळायचं, सर आज चष्मा जरा जास्त वेळ शोधतायत म्हणजे उद्या अवघड पेपर आहे. बाबा खिडकीकडे बघत ऐकत होते. तिचं झाल्यावर म्हणाले, कुठला पेपर अवघड आहे ते तुमच्या तोंडावरून दिसायचं, तेव्हा मला समोरचं दिसायचं.

ज्या माणसानं बंद व्हायची वेळ अशी रोज हळूच पुढे ढकलली, त्याच्याच मुलानं त्याच्याच वाचनालयाला हालचाल दिसली नाही की माणूस बाहेर काढणारं यंत्र बसवून दिलं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. (लिहिते आहे.)

संध्याकाळी चिटणीस बाईंचा फोन. बिचाऱ्या अर्धमेल्या झालेल्या, पान आत्ताच काढते म्हणाल्या. बाबांनी काढू दिलं नाही. यांना म्हणाले, बस, सांगतो ते लिही. हे बसले. बाबांनी सांगितलं आणि यांनी लगेच लिहिलं, काटा थांबायची वाट न बघता. आता तुम्ही उघडून बघा, तिथं असं आहे: ‘आमचे वडील घरीच असतात. भेटायला यावे.’ झालं पान. प्रकाशित मीच केलं, या वेळी बघून. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी येतं आणि माझं शिवण मागं पडतं, पण बाबांची खुर्ची आता दाराकडे वळलेली असते आणि त्याला माझी हरकत नाही.

पण मुख्य गोष्ट राहिलीच. पान सांगून झाल्यावर हे ते वाचून दाखवायला लागले, कारण ठरलंच तसं होतं. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, “हे माझं झालं. तुझं?” यांनी संगणक मिटला, खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसले, आणि नेहमीसारखे गप्प. बाबाही गप्प. मी यंत्रावरचा पाय काढला. त्या खोलीत इतका वेळ काही हललं नाही, की तुमच्या वेबसाइटनं आम्हा तिघांना एकदमच बाहेर काढलं असतं. मला वाटलं, उठावं, चहा टाकते म्हणावं, काहीतरी बटण दाबावं. नाही दाबलं. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, “तुम्ही उशिरा यायचात तेव्हा मी जागा असायचो.” आणि पुन्हा थांबले, म्हणजे वाक्य झालं होतं. बाबा खिडकीकडे वळले, म्हणजे यांच्याकडे बघायला लागले. म्हणाले, “माहीत होतं. झोपलेला माणूस इतका गप्प नसतो.”

बस. एवढंच बोलले दोघं. पण त्या दिवशी यांनी जेवताना भाजी चांगली झालीय असं, मी विचारायच्या आधी सांगितलं. मी पदर डोळ्याला लावला तो मिरचीमुळे, असं यांना सांगितलं, आणि तुम्हाला खरं सांगते आहे की तसं नव्हतं.

तेव्हा विनंती अशी, की वेबसाइटची ती मुदत वाढवून द्यावी. सगळीच माणसं भराभर लिहिणारी नसतात. काही जण एका वाक्यासाठी सकाळ घालवतात आणि तरी ती फुकट जात नाही, हे तुमच्या यंत्राला जमेल तितपत समजावून सांगा. जाऊबाईंना गुडघा शेकायला सांगा. पुतणीला पोटभर आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पत्र यांना वाचून दाखवलं. ताट घासून झाल्यावर म्हणाले, मुदत वाढवू नको म्हणावं. वाढवली तर मी तेवढाच जास्त वेळ बसेन, आणि बाबांशी बोलायचं राहून जाईल. तेव्हा वरची विनंती रद्द समजा. दोन बटणं मात्र लांब करा.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवलं होतं, ते उघडलं. वर लिहिलेलं सगळं तुम्ही नाही वाचलंत तरी चालेल, हे वाचा. मागच्या वेळी तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही बाबांना विचारलंत, “बाबा, तुम्हाला माझ्याकडून काही हवंय का?” ते गप्प झाले. तुम्ही दोनदा हॅलो म्हणालात, आवाज येत नाही म्हणालात, आणि ठेवलात. लाइन चांगली होती, भाऊजी. ते शब्द जुळवत होते. तुम्ही ठेवल्यावरही ते फोन कानाला तसाच धरून बसले, आणि बऱ्याच वेळानं त्यांनी तुम्हाला उत्तर दिलं. बंद फोनमध्ये, सावकाश, पूर्ण वाक्यात. मी शेजारीच कुणाच्या तरी घागऱ्याची कड दुमडत होते. त्यांना तुम्ही ऐकलंत असंच वाटतंय. ते काय म्हणाले, ते मला ठाऊक आहे, पण मी लिहिणार नाही, ते तुमचं आहे. रविवारी फोन करा, तेच पुन्हा विचारा, आणि ते बोलेपर्यंत ठेवू नका.